तिरकी फरशी

फरशी बसवणाऱ्या माणसाला देवाने बाकी काही दिलं नाही तरी चालेल, पण गुडघे आणि नजर धड द्यावी. म्हाताऱ्या मिस्त्रींचे गुडघे अजून ठणठणीत होते. डोळ्यांनी मात्र दगा दिला होता. तेव्हापासून त्यांच्या धंद्याची नजर म्हणजे त्यांची सून. काम त्यांनीच तिला शिकवलं आणि आता तिला विचारल्याशिवाय ते हातोडा टेकवत नसत. ती दारात उभी राहायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "खिडकीकडची कोपऱ्यातली, केसभर वर आहे." ती असायचीच. कामावरचे लोक तिला 'पाणसळ' म्हणत. खरी पाणसळ, म्हणजे बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी, पिशवीत पडून असायची आणि निघालीच तर गिऱ्हाइकाची खात्री पटवायला निघायची.

एका नव्या घराचा दिवाणखाना जवळपास पुरा झाला होता. ती गुडघ्यांवरून उठली आणि अख्खी खोली डावीकडे कलली.

"बाबा, डाव्या अंगाला उतार आलाय."

"काल तर सपाट होती."

"आज नाहीये."

मिस्त्री जगात कुणाचं ऐकत नसत, सुनेच्या नजरेचं सोडून. त्यांनी भिंतीलगतची ओळ उखडली, खालचा सिमेंटचा माल खरवडला आणि फरशा पुन्हा ठोकून बसवल्या. ती उठून बघते तर आता उतार उजवीकडे! तिला हसूच आलं. ही फरशी आहे की होडी?

शेवटी तिने पाणसळ काढली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध मांडी ठोकून बसलेला. पट्टीच खोटी असेल, म्हणून तिने ती टोकाला टोक फिरवून त्याच जागी ठेवली. खोटी पट्टी अशी फिरवली की बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळतो. हा जागचा हलला नाही.

दुसरी एखादी गप्प बसली असती. पण हिला कोडं पडलं की ते सुटेपर्यंत अन्न गोड लागायचं नाही. तसंही हल्ली ते लागत नव्हतंच. पाणसळ पिशवीत घालून ती घरी निघाली आणि वाटेत दिसेल ते मोजत सुटली. बसथांब्यावरच्या बाकड्यावर पट्टी ठेवली तशी शेजारची बाई सरकून बसली.

"काय मोजताय?"

"बाकडं. तिरकं वाटतंय."

"सरकारी आहे. असायचंच."

सरकारी असूनही ते सरळ निघालं. घरचा पलंग सरळ, ओटा सरळ. हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बसलेली असली की जग सरळ असायचं. उठली की कलायचं. सकाळी उपाशीपोटी जास्तच. एकदा गरम पाण्याने अंघोळ करून उठली तर डोळ्यांपुढे काळोख आला. नळाला धरून ती कशीबशी उभी राहिली, आणि तोवर गंमत वाटणाऱ्या त्या कोड्याची तिला पहिल्यांदा भीती वाटली. बाकडं खरं, पट्टी खरी, मग खोट कुठे उरली? तिच्या नजरेत. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? नवरा मालाची गाडी घेऊन दूरगावी गेलेला. सासऱ्यांना सांगावं, तर त्यांची एक नजर आधीच गेलेली. ही दुसरी गेली तर त्यांनी हातोडा कायमचाच ठेवायचा का? ती गप्प राहिली.

पण दुसऱ्या दिवशी खोली पुन्हा कलली. तिच्या तोंडाकडे बघून मिस्त्रींनी चांगली बसलेली ओळ उखडायला हातोडा उचलला, तेव्हा तिच्याने राहवेना. ती मटकन खाली बसली.

"राहू द्या, बाबा. फरशी नीट आहे. माझीच नजर गेलीय. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय माझं."

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. नजर जाणं काय असतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. मग मालात काय बिघडलंय ते तपासावं, तशा सुरात त्यांनी विचारलं,

"बसून कशी दिसते?"

"सरळ."

"आता ऊठ. सावकाश."

ती उठली आणि पांढरीफटक पडली. त्यांनी कोपराला धरून तिला परत बसवलं.

"कलली?"

"कलली. कानात पण गुंई होतंय."

"सकाळी काही खाल्लंस?"

"घशाखाली उतरत नाही. ओल्या सिमेंटचा वाससुद्धा नको झालाय."

मिस्त्रींचे कान लाल झाले. ते उगाचच हातोडा पुसायला लागले. "रिक्षा करून घरी जा. आणि सासूला विचार, आपल्या स्वयंपाकघराची फरशी मी दोनदा का बसवली."

"का बसवली?"

"तिलाच विचार म्हटलं ना!" ते खेकसले.

सासूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. प्रश्न ऐकल्यावर हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी आधी सुनेला खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग हसायला सुरुवात केली.

"मी म्हणायचे, ओट्यापाशी फरशी घसरते, मी पडेन. हे तेव्हा तरणेबांड मिस्त्री! यांच्या फरशीला बायकोने नाव ठेवायचं? सगळी उखडली, नव्याने बसवली. तरी मला घसरतीच. तिसऱ्यांदा हातोडा उचलला, तेवढ्यात माझी आई आली. तिने यांच्या हातातून तो काढून घेतला. म्हणाली, जावईबापू, दोष फरशीत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी तुझा नवरा झाला."

सुनेने बोटांवर दिवस मोजले. मग पहिला प्रश्न तिने धंद्याचाच विचारला. "म्हणजे माझी नजर गेली नाही?"

"नजर कुठे जातेय! उद्या डॉक्टरीणबाईंकडून खात्री करून घेऊ. चक्कर अशी अंगावर काढायची नसते. आणि यापुढे उठताना हळू."

सुनेला एकदम रडू कोसळलं. डोळे शाबूत असल्याचं होतं, बाळाचंही होतं, दोन्ही एकदमच आलं. रडता रडता ती म्हणाली, "आणि मी बाबांना चांगली बसलेली फरशी उखडायला लावली."

"लावली तर लावली," सासूबाई म्हणाल्या. "या घराण्याची रीतच आहे ती."