गोचिडीचं काय सांगायचं

आडनाव रोहेकर आणि सगळा जन्म गेला पेणमध्ये. अब्राहमचा हा ठेवणीतला विनोद, आणि त्याला हसणारी माणसं एकेक करून इस्रायलला निघून गेली. बायको त्याहून लांब गेली. मुलगा एझ्रा, सगळे एका दिशेला जात असताना, हट्टाने अमेरिकेला गेला. मागे उरली एसटीची पेन्शन, समोर राहणारी विधवा चुलतबहीण हन्ना आणि प्रार्थनालयाची किल्ली.

त्या किल्लीला वर्षभर फारसं काम नसे. पण नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, ठाण्या-मुंबईची पंधरा-वीस मंडळी मूळ गाव म्हणून पेणला येत, आणि अब्राहम त्यांच्यासाठी शोफार वाजवी. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. एकाने ते फुंकायचं आणि बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं. चाळीस वर्षं फुंकणारा अब्राहमच होता. त्या एका सकाळसाठी तो उरलेलं वर्ष एकट्याने ढकलत असे. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण खरं होतं.

सत्त्याण्णवच्या जुलैत तो महिनाभर एझ्राकडे राहिला. घरामागे रान, रानात हरणं. एका संध्याकाळी फिरून आल्यावर गुडघ्याच्या मागे खसखशीएवढी गोचीड चिकटलेली दिसली. अब्राहम तेल्याचा नातू. आजाच्या घाण्याच्या बैलाला अशा गोचिड्या त्याने लहानपणी ढिगाने काढल्या होत्या. त्याने तेलाचा थेंब लावला, गोचीड उपटली आणि चुरडून टाकली. आठवड्याने तिथे लाल गोल चट्टा उठला, तेव्हा गजकर्ण समजून मलम चोळलं. चट्टा गेला आणि गोष्टही डोक्यातून गेली.

पेणला परतल्यावर मान आखडली. पाठीतून पायापर्यंत कुणी तापलेली सुई ओढावी तशा कळा येऊ लागल्या. सप्टेंबरात त्याने सरावासाठी शोफार तोंडाला लावला, तर आवाजाऐवजी डाव्या कोपऱ्यातून नुसती हवा फुसफुसली. आरशात पाहिलं तर डावी बाजू ओघळलेली आणि डोळा मिटता मिटेना.

"वारं गेलं रे तुझ्या तोंडावरनं," हन्ना म्हणाली आणि जायफळ उगाळायला बसली.

डॉक्टर गोसाव्यांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, पडलात का विचारलं. "अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची नस सुजलीय," म्हणाले आणि गोळ्या दिल्या. अब्राहमने मुकाट्याने घेतल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण बिचाऱ्या डॉक्टरांना रामेश्वर कुणी दाखवलाच नव्हता.

त्याच दुपारी त्याने ठाण्याच्या मंडळींना कार्ड टाकलं: तोंड वाकडं झालं आहे, यंदा शोफार माझ्याच्याने होणार नाही, वाजवणारा माणूस बरोबर आणा. एवढं लिहून तो बराच वेळ कार्डाकडे बघत बसला. त्याला फार वाईट वाटत होतं.

रविवारी एसटीडी बूथवर एझ्राचा फोन आला. अब्राहमच्या तोंडून 'प' आणि 'ब' निसटत होते.

"पप्पा, इथे असताना पायावर गोल डाग उठला होता?"

"गजकर्ण झालेलं."

"आणि गोचीड?"

"एक निघालेली. तेल लावून काढली."

एझ्रा म्हणाला, "मला का नाय सांगितलंत?"

"गोचिडीचं काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी बूथवर त्याचा चार पानी फॅक्स आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "लाइम नावाचा आजार आहे. त्या गोचिडीतून जंतू शिरला तो नसांपर्यंत पोचला. चेहरा गेला तो त्यानेच, पाठीतल्या कळाही त्याच्याच. मी आयुष्यात पाहिलेला नाही आणि इथे तपासणीही होत नाही. पण लक्षणं तंतोतंत जुळतात. एकवीस दिवस शिरेतून इंजेक्शन घ्यायचं, एकही चुकवायचं नाही."

"सण दोन ऑक्टोबरला हाय, डॉक्टर."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

अब्राहमने एकही चुकवलं नाही. दहाव्या दिवशी कळा थांबल्या. पंधराव्या दिवशी डोळा मिटला. अठराव्या दिवशी शोफारातून आवाज निघाला, जरा फाटका, पण निघाला. तो एकटाच हसला आणि हसू दोन्ही बाजूंना गेलं की नाही ते आरशात जाऊन पाहून आला. मग प्रार्थनालय झाडलं, बाकं पुसली, दिव्यांत तेल घातलं. यंदा गांधी जयंतीची सुट्टी, म्हणजे मंडळी जास्तच येणार, हा हिशेबही त्याने मनात केला.

तीस तारखेला ठाण्याहून उत्तर आलं. तुमच्या आजाराचं वाचून वाईट वाटलं. तुम्हाला त्रास नको म्हणून सण ठाण्यातच करायचं ठरवलं आहे. हॉल मिळाला आहे, शोफार वाजवणारा मुलगाही मिळाला आहे. लहान मुलांना प्रवास सोसत नाही, तेव्हा यापुढेही हेच सोयीचं पडेल. आपण विश्रांती घ्यावी.

अब्राहम फोन करायला बूथपर्यंत गेला. बरा झालो म्हणून सांगायचं होतं. पण पत्रातलं 'यापुढेही' त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. नंबर न फिरवताच तो परत आला.

सणाच्या सकाळी त्याने दार उघडलं. हन्ना बायकांच्या बाजूला एकटी येऊन बसली. दहा पुरुष नसले तर बरीचशी प्रार्थना म्हणता येत नाही. शोफाराला मात्र दहा लागत नाहीत. अब्राहमने शिंग ओठांना लावलं आणि फुंकलं. सगळेच्या सगळे सूर आले, स्वच्छ आणि लांब. चाळीस वर्षांत इतकं चांगलं क्वचितच वाजलं असेल.

हन्ना हळूच म्हणाली, "वाजलं की रे. मग रडतोस कशाला?"

"तोंड वाकडंच राहिलं असतं तर बरं होतं, हन्नाबाय," तो म्हणाला. "त्याच्यामुळे कोण आलं नाय, असं तरी म्हणता आलं असतं."