मुकी घंटा

"मामा, दोर सोडा! आता घंटा वाजवायची नाही!"

हेलन ओरडली, पण वाऱ्यात तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही. येशुदासमामांनी दोन्ही हात वर करून दाखवले. दोर त्यांनी धरलाच नव्हता. मनोऱ्यातली घंटा वाराच वाजवत होता.

समुद्रातलं वादळ घाट चढून येतंय, असं दुपारी रेडिओवर ऐकल्यापासून हेलनला चैन नव्हतं. शिकलेली, त्यात लेकुरवाळी. दौंडच्या रेल्वे चाळीत दारोदार फिरून तिने बजावलं होतं : पत्र्याखाली राहू नका, झाडाखाली उभे राहू नका, घंटा झाली की चर्चच्या दगडी देवळात या. तान्ह्या पीटरला येशुदासमामांच्या बायकोपाशी, दयामामींपाशी ठेवून ती सतरंज्या टाकायला पुढे आली होती.

"घंटा ऐकल्याशिवाय निघू नका हं, मामी."

"आमचा म्हातारा टोल देता देता पेंगतो, बाई. आयकू आली तर येते," मामी हसल्या होत्या.

पण घंटेच्या आधी वादळच आलं. मैदानावरून पत्रे भिरभिरत चालले होते. देवळासमोरचा लिंब मुळासकट आडवा झाला होता. जो घरात होता, तो आता घरातच बरा होता. आणि वर घंटा सगळ्यांना बाहेर बोलावत होती.

"मामी निघतील, मामा! पीटरला घेऊन निघतील!"

"व्हय, निघंल. माझं सोडून समद्यांचं आयकती ती." मामांनी डोईचं फडकं सोडून कमरेला बांधलं आणि शिडीला हात घातला.

"वर जाऊ नका! मनोरा डळमळतोय."

"मग कोन जाईल? जलमभर वाजिवली, आज गप करतो. आन् काय."

आणखी दोन टोल पडले. तिसरा दबका. मग नाहीच.

घंटेची वाट न पाहता आधीच येऊन आत दाटीने बसलेली माणसं प्रार्थना पुटपुटत होती. हेलन नुसती कान देऊन उभी होती. वर काहीतरी कडाडलं, दगड घरंगळले. घंटा गप्पच राहिली.

वारा पडला तरी तिने दार उघडू दिलं नाही. वादळ मध्येच दम खातं आणि उलटून येतं, हे तिने वाचलेलं होतं. ते उलटून आलं. पुन्हा पडलं, तेव्हा पुरुष वर चढले.

मामांच्या पाठीवर तुळई होती. घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. हात सोडवायला वेळ लागला.

चिखल तुडवत दयामामी आल्या, कडेवर पीटर.

"उंबऱ्यापातुर आले व्हते, बाई. दोन-चार टोल आयकले, पदर खोचला, तवर घंटा गप! म्हनलं, पेंगला म्हातारा. बसले परत." त्यांनी हेलनच्या खांद्यावरून आत डोकावलं. "कुठं हाय?"

हेलनने पीटरला घेतलं, आणि मामींचा मोकळा झालेला हात घट्ट धरून ठेवला.