डोहातल्या गोगलगायी

१९७४च्या श्रावणापासून सरोजिनीबाई दर रविवारी कोल्हापूरहून एस.टी.नं कुरुंदवाडला येत. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नदीकाठच्या एका डोहात गोगलगायी कुठल्या ऋतूत किती वाढतात, किती मरतात, याचं गणित मांडून त्यांना पीएच.डी. करायची होती. डोहाला लागून तानाबाईंचं रान होतं. गुडघाभर पाण्यात उतरून चाळणीनं गोगलगायी काढायचं काम तानाबाईच करत. सरोजिनीबाई काठावर बसून मोजत.

दोन वर्षांत चित्र स्पष्ट झालं. पुरात गोगलगायी वाहून जात, दिवाळीनंतर पाणी निवळलं की वाढत आणि माघात काठ भरून जाई. १९७६च्या दिवाळीत पाण्याची खोली आणि तापमान धरून बाईंनी समीकरण बसवलं. येत्या माघात गोगलगायी दुपटीनं वाढणार, असं त्यातून निघालं. जनावरांच्या यकृतात शिरणारा चपटा किडा याच गोगलगायींत वाढतो आणि काठच्या गवताला चिकटतो, हे त्यांना ठाऊक होतं. गावाला सावध करावं का, असं त्यांनी आपले मार्गदर्शक दत्तोपंत यांना विचारलं. एक हंगाम पडताळून बघा, चुकलं तर हसं होईल, असं ते म्हणाले. बाईंना ते पटलं. खरं तर आपलं गणित जुळतंय का, हे बघायची त्यांनाही ओढ लागली होती.

माघातला आकडा अगदी जुळला. परतताना बाई एस.टी.त एकट्याच हसल्या.

चैत्रात तानाबाईंच्या म्हशीच्या जबड्याखाली सूज आली. पंधरा दिवसांत म्हैस गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं यकृत चिरून आतले चपटे किडे दाखवले, तेव्हा बाई तिथंच उभ्या होत्या.

डॉक्टर गेल्यावर तानाबाईंनी विचारलं, "बाई, तुमास्नी ह्ये ठावं हुतं?"

"होतं. दिवाळीपासून."

"मग सांगितलं का न्हाईसा? मी हितंच हुतो की, तुमच्याम्होरं, पाण्यात."

 बाई तडक चावडीवर गेल्या आणि डोहाकाठी जनावरं सोडू नका, म्हणून सगळ्यांना सांगितलं. लोकांनी ऐकलं, तरी पावसाळ्यापर्यंत गावातली आणखी चार जनावरं मेली.

तानाबाई पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. उरलेली मोजणी बाईंनी एकटीनं केली. पुढं प्रबंध मान्य झाला. भाकीत अचूक ठरलं म्हणून तोंडी परीक्षेत परीक्षकांनी फार वाखाणणी केली. ती चालू असताना सरोजिनीबाई पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर आल्या आणि बराच वेळ आत गेल्या नाहीत.