निवडलेला कोट

दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा आपल्या घरात येणार नाही, हा आमच्या घरातला कायदा माझ्या सासूबाईंचा. बयाबाई त्यांचं नाव, मी म्हणते आत्याबाई. कायदा इतका कडक की माझ्या मुलाला, अभयला, आखूड झालेला स्वेटर त्याच्या पाठच्या बहिणीला नीट बसत होता, तरी तो तिच्या अंगावर चढला नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, सख्ख्या भावाचा आहे, परक्याचा नाही." तर म्हणाल्या, "उतरलेलं ते उतरलेलं. नवा आना." आणला. नव्या मुंबईत स्वेटर घालायचे दिवस ते किती, पण आणला.

आणि तीच बहीण, आमची मितू, म्हणजे संघमित्रा, मोठी होऊन जुन्या कपड्यांच्या पायी वेडी झाली. कॉलेज संपल्यापासून ती कपड्यांच्या डिझाइनचं काहीतरी शिकते. दर रविवारी तुर्भ्याच्या पुढे पुलाखाली जुन्या कपड्यांचा बाजार भरतो, तिथे जाऊन ढिगात बसते आणि संध्याकाळी पिशवी भरून येते. आजीला कळू नये म्हणून ती पिशवी माझ्याकडे. आणि माझ्याकडे म्हणजे कुठे, तर सीबीडी बेलापूरमधल्या माझ्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात. एकदा साहेबांनी फाइलसाठी ते कपाट उघडलं आणि त्यांच्या अंगावर टिकल्यांचं जाकीट पडलं. "स्मिताबाई, हे कुठल्या प्रकरणातलं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरगुती प्रकरण आहे साहेब, प्रलंबित."

अभयचं अक्षताशी लग्न डिसेंबरात ठरलं. सकाळी बुद्धविहारात, पांढऱ्या कपड्यांत, वंदना घेऊन. संध्याकाळी करंजाड्याला उघड्या लॉनवर रिसेप्शन. मितू म्हणाली, "संध्याकाळचं माझ्यावर सोडा. सगळे त्याच त्या भाड्याच्या लेहंग्यात कुडकुडत उभे राहतात. आपण थंडीचे कपडे घालून सजायचं. जाम भारी दिसू."

आणि खरंच, तिने दोन महिने जीव ओतला. मला जांभळी भरजरी साडी, तिच्यावर कुणा पुरुषाचा काळा मखमली ब्लेझर, बाह्या दुमडून. तिच्या बाबांना, म्हणजे अंकुशना, बाटलीच्या रंगाचा हिरवा कोट आणि पिवळाजर्द मफलर. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "मला ब्रास बँडवाले उचलून नेतील." पण काढेनात. स्वतःसाठी तिने पोपटी साडीचा घागरा शिवला होता. बाहेर तिने सजवलेल्या कपड्यांचे फोटो बघून दोघी-तिघींनी "आमच्याही लग्नात करशील का?" म्हणून विचारलं होतं. म्हणजे ही नुसती हौस राहिली नव्हती. पोरीला यातून आपलं काहीतरी उभं करायचं होतं आणि घरातलं लग्न ही तिची पहिली परीक्षा होती.

आजीसाठी तिने राणी कलरची साडी काढली होती, बोटभर नाही, चांगल्या वीतभर काठाची.

"आजीला काय सांगायचं?" मितूने विचारलं.

"नवी आहे म्हणून सांगू," मी म्हटलं. डोकं माझं, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही. साडी इस्त्री केली, घरातला एक रिकामा दुकानाचा खोका शोधला, त्यात पातळ कागद घालून ठेवली आणि आत्याबाईंच्या मांडीवर दिली. "आजच आणली, पनवेलहून. बघा आवडते का."

त्यांनी झाकण काढलं. चेहरा उजळला. "राणी कलर! आगं माय, ह्या वयात?" पण हात लहान मुलासारखा साडीवरून फिरत होता. फिरता फिरता खालच्या काठाशी गेला आणि थांबला.

"आज आनली?"

"हो."

"मग फॉल कधी लावला?"

मी सावरून म्हटलं, "दुकानातच लावून देतात आता."

"आन झिजवून पन देत्यात?"

फॉलची कड टाचेशी घासून पांढरी झालेली. कुणाच्या तरी चपलेची धूळ शिवणीत अजून बसलेली. बायकांनो, तुम्हीच सांगा, इतकी वर्षं साड्या नेसणारी बाई मी, आणि मला खोका सुचतो पण फॉल उसवायचं सुचत नाही!

आत्याबाईंनी झाकण लावलं. खोका माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "स्मिता, अभयच्या लग्नात तुमी उतरलेलं घालनार आसाल तर संध्याकाळी मी यायची न्हाई. सकाळी विहारात येईन, वंदना घेईन, तिथनंच घरी."

हे ऐकून अभय हादरलाच. मी ऑफिसला जायचे तेव्हा त्याला वाढवला तो आजीने. तो म्हणाला, "आजी नाही तर मी स्टेजवर चढणार नाही. अक्षताला एकटीलाच उभं करा." मितू एका कोपऱ्यात खोका छातीशी धरून बसली होती. तिला कायदा माहीत होता, कायद्यामागचं काही माहीत नव्हतं. मलाही सगळं नव्हतंच.

"आजी, एवढं काय आहे गं त्यात?" तिने शेवटी विचारलं.

आत्याबाई गॅलरीकडे बघत बोलल्या. "परभनीकडं आमच्या गावात दिवाळी झाली की मोठ्या घरच्या दारात उभं ऱ्हायचं. माझी माय आन मी. आतून लुगडं फेकायचे. हातात न्हाई द्यायचे, हात लागंल म्हनून. आपन पदर पसरायचा. पदरात पडलं ते आपलं. फाटकं आसंल, डागाचं आसंल, लहान लेकराचं आसंल, नगं म्हनायची सोय न्हाई. एकदा ते लुगडं नेसून मी पान्याला गेले, तर त्या घरची पोरगी भर रस्त्यात वरडली, 'ए, ते माझं हाय!' समदे हसले. माझ्या लग्नानंतर तुझ्या आज्याला इकडं कंपनीत काम लागलं. पयल्या पगाराला त्यानं कोरी साडी आनली. ती हातात घेतली तवाच म्हनलं, आता आपल्या घरात उतरलेलं न्हाई. कदीच न्हाई."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती सुद्धा मला उद्धट वाटली.

मला वाटलं, मितू आता सगळे कपडे गोळा करून टाकून देईल. तिने डोळे पुसले, पण खोका सोडला नाही. म्हणाली, "आजी, मला हे कुणी फेकून नाही दिलं. मी निवडलंय. या एका साडीसाठी मी किती साड्यांना नको म्हटलंय, तुला माहितीये?"

"नगं म्हनता येतं तिथं?"

"येतं की."

"आन ती इकनारी काय म्हनती?"

"शिव्या घालते."

"आन तू?"

"मी परत नको म्हणते."

आत्याबाई उठल्या. जेवल्या, औषध घेतलं, झोपल्या. पण रविवारी सकाळी मी चहा टाकायला उठले तर या बाई आंघोळ करून, स्वच्छ पांढरं सुती पातळ नेसून, चपला घालून दारात तयार. "मितूला उठीव. बघू दे तिचा बाजार."

आम्ही तिघी रिक्षाने गेलो. पुलाखाली सावली आणि थंडी, वरून गाड्यांची धडधड. जमिनीवर चादरी अंथरून बायका बसलेल्या, प्रत्येकीसमोर कपड्यांचा डोंगर. भांडी देऊन घरोघरून जमवलेल्या साड्या, कुठून कुठून गाठोड्यांतून आलेले परदेशी कोट. मितू सराईतासारखी पुढे. आत्याबाई माझा दंड घट्ट धरून.

एका ढिगापाशी आम्ही वाकलो. विकणारी बाई गाठोडं सोडत होती. तिने आमच्याकडे नीट बघितलंही नाही, "लो आजी, ये देखो, एकदम नया माल," म्हणत एक हिरवी साडी आत्याबाईंच्या दिशेने भिरकावली.

आणि आत्याबाईंनी पदर पसरला.

त्यांनी ठरवून नाही पसरला, हातांनी पसरला. साडी पदरात पडली. त्या तशाच उभ्या, दोन्ही हातांत पदर धरून, मान खाली. मितूने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. वाटलं, संपलं. आता या मागे फिरतील आणि आयुष्यात पुन्हा आमच्याशी बोलणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

आत्याबाईंनी ती साडी पदरातून काढली. उलगडली, उजेडात धरली. काठ बघितला. मग नीट चौकोनी घडी घातली, वाकून ढिगावर ठेवली आणि म्हणाल्या, "नगं."

विकणारी म्हणाली, "क्यूं? अच्छा तो है."

"रंग इटलाय. नगं. दुसरं दाव."

दुसरी आली. "हिला जर न्हाई, नुसता पिवळा दोरा. नगं." तिसरी. "ही पातळ. आरपार दिसतंय. नगं." मग साड्या झाल्या, शाली झाल्या, स्वेटर झाले. एका स्वेटरवर हरीण होतं. "हे काय, बकरी?" "हरीण आहे आजी, ख्रिसमसचं." "आसंल. नगं." प्रत्येक 'नगं'ला आवाज वाढत गेला. पाठ सरळ होत गेली. माझा दंड त्यांनी कधी सोडला, मला कळलंच नाही.

"आजी, लेना है तो लो, नहीं तो हाथ मत लगाओ!" विकणारी कावली.

"लावनार. बगितल्याबिगर कसं घेनार? तू घेतीस का?" आत्याबाईंनी तिथेच फतकल मारली. "बस की तू बी. घाई कशाला?"

आम्ही ढिगामागून ढीग पालथे घातले. मितू दमली, मला भूक लागली, आत्याबाईंना कशाचंच भान नाही. एका दुकानदारणीने तर लांबूनच हात जोडले. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, पुरे ना?" त्यांच्या डोळ्यांत असा काही मिश्कीलपणा मी कधी बघितला नव्हता. म्हणाल्या, "आगं, आत्ता कुटं सुरू केलंय. किती वर्साचं राहिलंय!"

शेवटी फिरून आम्ही पहिल्याच ढिगापाशी आलो. तळातून एक बाही बाहेर डोकावत होती, गडद लाल. आत्याबाईंनी ओढली. लांब लोकरी कोट निघाला, सोनेरी बटणांचा, कॉलर काळ्या मखमलीची. एखाद्या परदेशी सरदाराच्या बायकोने घातला असावा असा. आत्याबाईंनी आतली शिवण तपासली, बटणं ओढून बघितली, वास घेतला, बाहीत हात घालून बघितला, खिसा चाचपला. मग पांढऱ्या पातळावर तो चढवला. गुडघ्यांच्या खाली आला. मितूने तोंडावर हात ठेवला.

"ह्यो," आत्याबाई म्हणाल्या.

भाव त्यांनी असा पाडला की विकणारीने आमच्या सात पिढ्या काढल्या. मग कोट गुंडाळून तिने सवयीने फेकायला हात उचलला.

"फेकू नको," आत्याबाई म्हणाल्या. "हातात दे."

ती बाई गोंधळली. पण उठली. ढिगाला वळसा घालून आली आणि कोट त्यांच्या हातांत ठेवला. दोघींची बोटं एकमेकींना लागली. आत्याबाई म्हणाल्या, "हां. आता बरं."

परतीच्या रिक्षात मितूने भीत भीत विचारलं, "आजी, मग ती राणी कलरची?"

"ती तू निवडलीस ना? मग मी नेसंन. पन फॉल नवा लाव. आन तुझ्या आईच्या हातात खोका देऊ नको."

लग्न छान झालं. सकाळी विहारात सगळे पांढरेशुभ्र, संध्याकाळी करंजाड्याच्या लॉनवर आम्ही असे की पाहुणे जेवणाची रांग सोडून बघत होते. डोंगराकडून बोचरा वारा सुटला होता. भाड्याच्या लेहंग्यातल्या मुली स्वतःचेच दंड चोळत होत्या. आत्याबाई पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, राणी कलरची साडी, वर तो लाल कोट, सोनेरी बटणं गळ्यापर्यंत लावून. अभय दर दोन मिनिटांनी स्टेजवरून आजीकडे बघून हसत होता.

तेवढ्यात बोनकोड्याच्या पुतळाबाई आल्या. आम्ही पूर्वी त्यांच्या चाळीत भाड्याने राहायचो. आता त्यांची चाळीच्या जागी बिल्डिंग आहे आणि गळ्यात सोनं एवढं की मान वळवताना आवाज येतो. आत्याबाईंसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गो बया, कवरी झ्याक दिसतेस! यो कोट कुठशी आनलास? दुबईशी?"

आजूबाजूच्या चार खुर्च्या वळल्या. अंकुशनी मफलर सावरला. मितूचा चेहरा पडला, कारण मागे तिला काम देऊ म्हणणाऱ्या मुलीही तिथेच बसल्या होत्या. मला वाटलं, आत्याबाई "नवा हाय" म्हणतील. म्हटल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

"जुना हाय," आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "कुनीतरी वापरलेला. आमच्या मितूनं बाजार दावला, मी निवडला. आख्खा ढीग नगं म्हनून ह्यो घेतला."

"जुना?" पुतळाबाईंनी पुढे होऊन कॉलर चिमटीत धरली. मखमलीवरून बोट फिरवलं. चारी खुर्च्या वाट बघत होत्या. "माज्या मापाचा गावंल क गो?"

आत्याबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मितूसारखंच डोळे बारीक करून. "गावंल. वेळ लागंल. रविवारी आमच्या संगं ये. मितू घेऊन जाईल दोघींना. पन पुतळे, गळ्यातलं समदं घरी ठेवून ये, न्हाईतर ती बाई भाव वाढवती. आन पयलं दावलं की लगेच हो म्हनू नको, सांगून ठेवते."