एकास सहाशेचाळीस

मी एएनए या रक्तचाचणीचा रिपोर्ट बोलतोय. मुलुंडच्या एका लॅबच्या प्रिंटरमधून गरमागरम बाहेर पडलो, तो गंधालीच्या नावाने. वय सव्वीस. सकाळी तिची बोटं मिटत नसत, गालांवर लाल चट्टे उठत. म्हणून डॉक्टरांनी मला मागवलं होतं.

माझं काम चुगलीचं. शरीर आपल्या रक्षणासाठी प्रतिपिंडं तयार करतं. ती घरच्यांवरच उलटली असतील, तर मी तसं कळवतो. ल्युपस या आजारात हेच होतं. पण मी एकटा निकाल देत नाही, धडधाकट माणसांतही मी कधीकधी पॉझिटिव्ह येतो. म्हणून माझ्या पायाशी छापलेलं असतं, 'लक्षणांशी पडताळून पाहावे'. अक्षर बारीक, त्यामुळे ते न वाचण्याची सर्वांना मुभा असते.

गंधालीचे वडील नंदकिशोर बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यावरचा आकडा वाचला, १:६४०.

"सहाशेचाळीसात एक! अगं मृणाल, पाव टक्कासुद्धा नाही!"

"पण पॉझिटिव्ह लिहिलंय ना?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"एवढं थोडं कुणात नसतं?"

"बाबा, डॉक्टरांना दाखवूया ना," गंधाली म्हणाली.

"दोन तास बसवून तो हेच सांगणार. आयुष्य गेलंय माझं आकड्यांत."

माझी रवानगी घरच्या फाईलीत, मिक्सरच्या वॉरंटीकार्डाशेजारी झाली. मिक्सर बिघडला असता, तर मला आठ दिवसांत उजेड दिसला असता. पण मिक्सर चांगला निघाला.

आठ महिने गेले. गंधालीच्या चपला घट्ट होऊ लागल्या, तेव्हा वडिलांनी एक नंबर मोठ्या आणल्या. मग चेहरा सुजला, लघवीला फेस येऊ लागला, आणि फाईल उघडली.

हॉस्पिटलात डॉक्टर श्वेतांनी मला उजेडात धरलं.

"काका, ही टक्केवारी नाही. रक्त सहाशेचाळीस पट पातळ केलं, तरी त्यात प्रतिपिंडं सापडली, असा याचा अर्थ."

"म्हणजे... जास्त?"

"बरीच. तरी नुसत्या यावरून ल्युपस म्हणता येत नाही. पुढची डीएसडीएनए चाचणी तेव्हाच करता आली असती. लघवी तपासली असती."

ती चाचणी आता झाली. पॉझिटिव्ह. मूत्रपिंडं निम्मी कामातून गेली होती. उरलेली टिकतील का, हे औषधं ठरवणार.  

हल्ली मी फाईलीत सर्वांत वर असतो. परवा नंदकिशोरांनी मला ओट्यावर डब्याला टेकवून उभं केलं. एकोणचाळीस चमचे पाण्यात एक चमचा शाई टाकली. अर्धं ओतून दिलं, तेवढंच साधं पाणी घातलं. पुन्हा अर्धं. "चाळीस... ऐंशी... एकशेसाठ..."

"बाबा, काय करताय?" गंधालीने दारातून विचारलं.

सहाशेचाळीसला त्यांनी पेला खिडकीशी धरला.

"अजून निळं दिसतंय गं."

तुम्हाला मी वाचता आलो नाही तरी चालेल. ज्याला वाचता येतो, त्याच्यापर्यंत मला तेवढं पोहोचवा.