फरजची ताटली

बायकोला, कुबराला दफन करून तिसरा दिवस होता. सूर या अरबी बंदरगावात कामाला आलेल्या तय्यबच्या घरी चूल पेटली नव्हती, म्हणून जेवण फरजकडून आलं. घेऊन तो स्वतःच आला. त्याला गाडीतून भाताची परात उतरवताना पाहून शेजारचे मुनीरचाचा म्हणाले, "नगरपरिषदेवर निवडून आला, तरी हमाली काय सुटली नाय याची."

"आज मत मागायला नाही आलो, चाचा. परात धरा," फरज आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

फरजचे आजोबा गलबतांवर ओझी वाहत. गावातल्या काळ्या लोकांच्या मोहल्ल्यातून स्वतःचा धंदा उभा करणारा आणि पुढे परिषदेत बसणारा फरज पहिला. आधी मच्छीमारांसाठी बर्फाचा कारखाना काढला, मग भांडून भांडून मोहल्ल्यात पाण्याची लाइन आणली. तय्यब त्याच्याच कारखान्यात मुकादम होता. पगार कधी एक दिवस उशिरा झाला नाही.

तरी फरज घरी जेवायला आला की तय्यब त्याला वेगळी ताटली द्यायला लावी. दुसरे अरब पाहुणे घरच्यांबरोबर एकाच परातीत जेवत. काळा हात आपल्या घासाशेजारी नको, एवढंच तय्यबच्या मनात असे. ताटली पुढे करताना कुबरा म्हणायची, "आमच्यात मोठ्या पाहुण्याला असाच मान देतात, फरजभाय."

आज सगळे परातीभोवती बसले. फरज उभाच राहिला.

"हिबा बेटा," त्याने आतल्या दारात उभ्या तय्यबच्या मुलीला विचारलं, "माझी ताटली?"

हिबाने बापाकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे, हे तय्यबला त्या नजरेतच कळलं. त्याचे कान तापले.

"ताटली नको. इथे बसा, अर्बाब." त्याने सरकून मालकासाठी जागा केली.

फरज त्याच्याजवळ वाकला. "कुबरा म्हणायची, तो मान असतो. तिचा शब्द मी कधी मोडला नाही."

"खोटं सांगायची ती," तय्यब पुटपुटला. "माझ्यापायी."

"माहीत आहे. म्हणून तर मोडला नाही. बिचारी शरमली असती."

तय्यबला वाटलं, उठून आत जावं. पण आत कुबरा नव्हती. तिची माफी मागायचीही सोय राहिली नव्हती.

फरज मांडी घालून बसला. मटणाचा चांगला तुकडा सोडवून त्याने तय्यबच्या बाजूला सरकवला, इथले लोक पाहुण्यापुढे सरकवतात तसा. तय्यबने तो उचलला आणि मान खाली घालून चावत राहिला.

"खा," फरज म्हणाला. "भात गार होतोय."