कमरेवरची कुर्ली

मित्रांनो, मी एक जुनी कुर्ली आहे. जुनी म्हणजे गेल्या रमजानातली, पण कुर्लीच्या मानानं खूपच जगले. आमच्यातल्या बाकीच्या कालवणात जातात. मी लाकडाची आहे, एवढंच नशीब.

दुबईतल्या अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये हिबानं मला कोरलं. दिवसा ती दातांच्या कवळ्या बनवते. संध्याकाळी तीच हत्यारं घेऊन नेत्सुके कोरते. पूर्वी जपानी कपड्यांना खिसे नसत. पिशवी दोरीनं कमरपट्ट्याला लटकवायची आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला अक्रोडाएवढी कोरीव वस्तू अडकवायची. तेच नेत्सुके. त्याला कपड्यात अडकणारं टोक चालत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे पाय पसरलेले होते. अबुधाबीच्या प्रदर्शनात जपानी परीक्षकबाईंच्या बाहीत अडकून दोन मोडले. "सुंदर आहे, पण नेत्सुके नाही," बाई म्हणाल्या. हिबा रडली नाही. घरी येऊन तिनं नवं लाकूड घेतलं. माझे पाय पोटाशी दुमडले, नांग्या तोंडाशी घेतल्या. कुणी बघणार नाही ते पोटसुद्धा कोरलं.

पुढच्या प्रदर्शनाच्या सकाळी माझी डबी रिकामी!

"अम्मी, माझी कुर्ली?"

"ही काय!" मरियमबींनी कंबर दाखवली. आवळलेल्या ओढणीच्या वर मी, खाली बटवा. "बटवा सारखा घसरायचा. हिच्या पोटाला दोन भोकं दिसली, म्हटलं दोरीचीच असणार. काल मासळीबाजारात नेली. हलली नाही गो!"

"अम्मी, सीरियसली? कॉम्पिटिशनची आहे ती! सोड आधी."

भिजलेली गाठ सुटेना. कात्री मरियमबी लावू देईनात. दोरी त्यांच्या आईनं वळलेली.

"यल्ला, चल, मीच येते."

अबुधाबीत अल रीम आयलंडवर प्रदर्शनाच्या दारातला स्वयंसेवक निखिल म्हणाला, "मॅडम, वस्तू टेबलावर ठेवा."

"ठेवते. पण मलाही चढावं लागेल. टेबल मजबूत आहे ना, बाबा?"

त्याच परीक्षकबाई आल्या. मी श्वास रोखला. लाकडाला ते सोपं जातं. हिबाला मात्र जमत नव्हतं. बाईंनी मरियमबींना चालवलं, वाकवलं, बसवलं. बटवा ओढला. मग स्वतःची बाही माझ्यावरून सावकाश फिरवली. काही अडकलं नाही. त्यांनी मला हुंगलं.

"पापलेट," मरियमबींनी खुलासा केला.

बाई हिबाकडे वळल्या. "हे नेत्सुके आहे."

पाटीवर लिहिलं गेलं: 'लाकूड, सुती दोरी, मरियमबी.' दुपारी खाली चिठ्ठी लागली: 'प्रदर्शनवस्तू जेवायला गेली आहे.'

मित्रांनो, आवडत्या वस्तू जपा, पण काचेआड कोंडू नका. माझा बटवा अजून पडलेला नाही. मी पडू देणारही नाही. फक्त मासे निवडल्यावर हात पुसत जा.